नीळकंठभाऊंच्या बारा ओळी

सौंसरला मी दोनदा गेले. पहिल्यांदा परत आले तेव्हा पिशवीभर संत्री आणली, कॉलेजात वाटली आणि शिबिराच्या गमती सांगून सगळ्यांना हसवलं. दुसऱ्यांदा गेले ते कुणाला सांगितलंही नाही. आज लिहायला बसले आहे ते त्या दुसऱ्या खेपेमुळे, पण पहिली सांगितल्याशिवाय दुसरी कळायची नाही.

मी पुण्याला मानसशास्त्र शिकवते. ध्यानाला बसल्यानं माणसाचं लक्ष खरंच सुधारतं का, हा प्रश्न त्या काळात माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. ध्यान करणारे ‘हो’ म्हणायचे, न करणारे हसायचे. मला मोजून पाहायचं होतं. एका ओळखीतून सौंसरच्या गजभिये गुरुजींचं पत्र आलं: ‘डिसेंबरात आमच्या विहारात दहा दिवसांचं ध्यान शिबिर आहे. मास्तर, बाबू, मजूर, शेतकरी सगळे बसतात. आपण कागद घेऊन या.’ मी सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा, शिसपेन्सिलींचं खोकं आणि एक स्टॉपवॉच घेऊन निघाले.

पांढुर्णा, डिसेंबर १९८६

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं सकाळी पांढुर्ण्याला उतरले. पाट्या हिंदीत, हमालाची हाक हिंदीत आणि पाटीखाली दोन बायकांचं चाललेलं भांडण मात्र खणखणीत मराठीत. राज्य बदललं आहे, हा मध्य प्रदेश आहे, याची मला दिवसभर स्वतःला आठवण करून द्यावी लागत होती.

गजभिये गुरुजी मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. निवृत्त शिक्षक, बारीक चणीचे, बोलण्यात घाई. “जयभीम, मॅडम. गाडी टायमावर आली म्हणजे तुमचं नशीबच.” त्यांच्या मागे चाळिशीचा एक उंच माणूस होता. त्यानं माझा कागदांचा गठ्ठा उचलला. “हे नीळकंठ सोमकुवर,” गुरुजी म्हणाले. “इथंच जिनिंगमध्ये होते. शिबिराला बसून राहिले आपल्यासंगं.”

स्टेशनबाहेर कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती. तारांवर, झाडांवर, बैलांच्या पापण्यांवरसुद्धा कापसाचं पिंजलेलं तूस. एका हॉटेलात पोहे मागवले. हॉटेलवाल्यानं विचारलं, “सांभार टाकू का बाई?” मी म्हटलं, “पोह्यांवर सांबार? नको बाई!” तो गोंधळून गुरुजींकडे बघायला लागला. त्याच्या हातात चिरलेली कोथिंबीर होती. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. नीळकंठभाऊ खाली मान घालून हसले. मग पोह्यांवर लालभडक तर्री आली, पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनीच माझ्यापुढे पाण्याचा गिलास सरकवला.

सौंसरच्या बसमध्ये गुरुजींना लगेच डोळा लागला. दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. फळांच्या वजनानं वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. मी खिडकीतून पाहत होते तेवढ्यात नीळकंठभाऊ म्हणाले, “मॅडम, तुमच्या कागदावर माणसाचं मन दिसते म्हणते गुरुजी. खरं आहे का जी?”

“मन नाही, पण लक्ष किती आहे ते दिसतं.”

“तेच म्हणतो मी. लक्ष.” गठ्ठा त्यांनी मांडीवर धरला होता. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते मेन खटक्यावर होते. खटका दाबला की पट्टे फिरायला लागतात आणि सगळ्या मशीनी चालू होतात. मागच्या हंगामात एकदा पट्टा उतरला. त्यांच्याबरोबरचा सुदाम तो चढवत होता.

“माझे डोळे त्याच्याकडंच होते, मॅडम. शपथेवर सांगतो. पण मी पाहून नव्हतो राहिलो. काय विचार करून राहिलो होतो तेही आता आठवत नाही. हात गेला खटक्यावर. मंग त्याची बोंबच आयकू आली.”

सुदामची दोन बोटं गेली होती.

“मालक म्हणते, झालं ते झालं, जागा तुझीच आहे, ये. सुदामही म्हणते ये. पण माझाच हात धजत नाही. म्हणलं दहा दिवस बसून पाहू. मन जागेवर आलं तर जाईन मशीनवर. नाही तर नाही.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “शिबिर झाल्यावर तुमच्या कागदावर दिसंल ना?”

“दिसेल ना,” मी म्हटलं. “नक्की दिसेल.”

इतक्या सहज म्हटलं की तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

सौंसर

विहार गावाबाहेर, एका बागेला लागून होता. पत्र्याचं मोठं छप्पर, पांढरा रंग दिलेल्या भिंती, आत बुद्धाची हातभर उंचीची मूर्ती आणि समोर सतरंज्या. शिबिर घेणारे भन्ते साठीचे होते. काही वर्षं ब्रह्मदेशात राहून आलेले. त्यांनी माझे कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “वाटा कागद. पण एक अट. तुम्हालाही दहा दिवस बसावं लागेल. काठावर उभं राहून नाही पाहायचं.”

पुण्याला मी ही गोष्ट ‘मला अडकवलं’ अशी सांगत असे. खरं म्हणजे मला ते आवडलं होतं.

चाचणी साधी होती. कागदावर ओळीनं बारीक बारीक गोल काढलेले. कुणाला वर शेपूट, कुणाला खाली, कुणाला उजवीकडे, कुणाला डावीकडे. ज्याचं शेपूट खाली असेल तेवढेच गोल खोडायचे. वेळ तीन मिनिटं. अक्षरं नसल्यामुळे न शिकलेल्यालाही ती देता येत होती. संध्याकाळी सतरंज्यांवर सगळे ओणवे बसले. कापूस वेचणारी एक आजी पेन्सिल उलटी धरून बसली होती, तिला सरळ करून दिली. मी ‘सुरू’ म्हटलं आणि स्टॉपवॉच दाबलं. नीळकंठभाऊंचा हात सुसाट चालला होता. कागद घेताना मी पाहिलं, ते एकोणिसाव्या ओळीवर होते.

त्यानंतर भन्त्यांनी घंटा वाजवली आणि मौन सुरू झालं.

पहाटे चारला उठायचं. डिसेंबरातली तिथली थंडी पुण्याच्या थंडीसारखी लाडिक नाही. सतरंजीतून वर चढते. तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. नाकपुडीपाशी तो आत येतो, बाहेर जातो, एवढंच. मी दहा श्वाससुद्धा सलग पाहू शकत नव्हते. तिसऱ्या श्वासाला मी पुण्याला पोचलेली असायची. परिसंवादात निबंध वाचते आहे, कोण कोण समोर बसलं आहे, कोण काय विचारेल, त्याला मी काय उत्तर देईन. एकदा तर मनातल्या मनात निबंधाचा मथळा तीन वेळा बदलला. डोळे उघडले तेव्हा सगळे जेवायला गेले होते.

जेवण सकाळी अकराला. ज्वारीची भाकरी, पातळ वरण, वांग्याची नाही तर पालकाची भाजी. संध्याकाळी चुरमुरे आणि बागेतलं एक संत्रं. पुण्यात आम्ही संत्रं सोलून, शिरा काढून, बिया काढून बशीत मांडतो. तिथं बायका ते दोन्ही अंगठ्यांनी एका झटक्यात उघडायच्या. तसं करायला गेले आणि रस भन्त्यांच्या आसनावर उडाला. मौन असल्यामुळे कुणाला हसता येईना. दोघी-तिघींचे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

भन्त्यांना रोज दुपारी पाच मिनिटं भेटता यायचं. मी तक्रार केली, “मन सारखं पळतं.”

“पळालं हे कळते ना?”

“कळतं. पण उशिरा.”

“मग कळलं की आणायचं परत. काम तेवढंच आहे.” मी उठले तेव्हा ते म्हणाले, “आणि मॅडम, शेवटच्या दिवशी कागद झाले की लगेच कोणाला काही सांगू नका. दहा दिवस बसून माणूस फार हळवा झालेला असते. एक शब्द आत जाऊन बसते.”

मी मान हलवली.

सहाव्या-सातव्या दिवसाची एक गोष्ट मला आठवते. जेवणानंतर हौदापाशी आम्ही आपापली ताटं घासत होतो. नीळकंठभाऊ माझ्या पुढे होते. त्यांनी ताट राखेनं घासलं, विसळलं, उलटं करून पाहिलं, काठावर कुठं भाजीचा कण राहिला होता तो नखानं काढला, पुन्हा विसळलं आणि आवाज न करता रचून ठेवलं. मागे आम्ही चार जण थांबलो होतो. मला कंटाळा आला. माणूस संथ झाला आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि तिथंच ते सोडून दिलं.

दहावा दिवस

दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीची भावना झाली, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो असं मनात आणत बसायचं, आणि मौन सुटलं. पत्र्याखाली एकदम बाजार भरल्यासारखा झाला. कुणी रडत होतं, कुणी कुणाच्या पाया पडत होतं. कापूस वेचणारी आजी माझा हात धरून सांगत होती की तिची पाठ दहा दिवस दुखली आणि दहा दिवस तिनं ती पाहिली.

त्या गोंधळातच मी दुसरी चाचणी घेतली. दुपारच्या बसनं मला निघायचं होतं. कागद गोळा करते आहे, खोक्यात पेन्सिली मोजून टाकते आहे, सगळे माझ्याभोवती जमलेले. “मॅडम, माझं पाहा”, “माझं किती झालं?” मला मजा वाटत होती. दोन्ही कागद शेजारी धरायचे आणि कुठवर पोचले तेवढं पाहून सांगायचं. आजी चौथ्या ओळीवरून नवव्या ओळीवर गेली होती. तिनं टाळी वाजवली.

नीळकंठभाऊ गर्दी ओसरेपर्यंत थांबले होते. मग पुढे आले. “माझं वाढलं का जी?”

मी त्यांचे दोन्ही कागद काढले, शेवटची ओळ पाहिली. “एकोणीस ओळी होत्या तुमच्या. आता बाराच झाल्यात. थोडं कमी झालंय.”

मी दोन्ही कागद गठ्ठ्यात परत सरकवले.

“बसचं कुणी पाहिलं का हो?” मी गुरुजींना विचारलं.

“बरं जी,” नीळकंठभाऊ म्हणाले. त्यांच्या हातात अजून पेन्सिल होती. ती त्यांनी खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोकं दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. माझ्याजवळ तेव्हा पंधरा-वीस मिनिटं होती. बसमध्ये त्यांनी मला काय सांगितलं होतं ते मी विसरले नव्हते. विसरले असते तर आज थोडं सोपं झालं असतं. मला ते आठवत होतं, आणि तरी त्या क्षणी त्यांच्या प्रश्नाशी मी ते जोडलं नाही.

पुणे

कागद तपासायला फेब्रुवारी उजाडला. अशा चाचणीत किती ओळी झाल्या एवढंच धरायचं नसतं. किती गोल सुटले आणि किती चुकीचे खोडले, ते त्यातून वजा करायचं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी हे शिकवते. विहारात मात्र मी नुसत्या ओळी सांगत सुटले होते.

नीळकंठभाऊंच्या पहिल्या कागदावर एकोणीस ओळी होत्या, पण जवळपास प्रत्येक ओळीत दोन-तीन गोल सुटलेले, आणि भलतेच खोडलेले. दुसऱ्या कागदावर बारा ओळी होत्या. एकही गोल सुटला नव्हता. एकही चुकीचा खोडला नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. ओळ संपली की ते ती पुन्हा तपासत होते आणि मगच खाली उतरत होते. इतका स्वच्छ कागद त्या गठ्ठ्यात दुसरा नव्हता. मी पुन्हा तपासला, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून तपासून घेतला.

त्या दिवशी पत्र लिहायला हवं होतं. सुरुवातही केली. दोन मसुदे लिहिले. दोन्हींत मी स्वतःचीच बाजू मांडत होते, म्हणून फाडले. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, ते कामावर गेलेही असतील, माझ्यासारखीच्या एका वाक्यावर कुणी आयुष्य थोडंच ठरवतं! एप्रिलात परिसंवाद झाला. मी निबंध वाचला. त्यातल्या तक्त्यात नीळकंठभाऊ सगळ्यांच्या वर होते. टाळ्या मला मिळाल्या.

दिवाळीत गजभिये गुरुजींचं पत्र आलं. खाली दोन ओळी होत्या: ‘नीळकंठ जिनिंगवर गेलाच नाही. पांढुर्ण्याची खोली सोडून बायकोपोरीसह इथं सौंसरला आला आहे, संत्र्याच्या कामाला.’

पुन्हा सौंसर, नोव्हेंबर १९८७

या वेळी पोहे खाल्ले नाहीत. बागा तशाच लदलेल्या होत्या, बांबूचे टेकूही तसेच. गुरुजींनी मला बागेच्या कडेच्या मांडवापाशी सोडलं आणि ते मागे थांबले.

जमिनीवर संत्र्यांचा ढीग होता. नीळकंठभाऊ बसून फळं निवडत होते. मोठं एकीकडे, मध्यम एकीकडे, डागी वेगळं. प्रत्येक फळ हातात फिरवून पाहत होते. त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई, पेट्या भरत होत्या आणि सोळा-सतरा वर्षांची त्यांची मुलगी रिकाम्या पेट्यांत गवत अंथरत होती.

“मॅडम! अशा कशा आल्या तुम्ही?” ते उठलेच. त्यांनी अंगावरचं उपरणं झटकून मला बसायला अंथरलं. कौसल्याबाईंनी पाणी दिलं. मला वाटलं होतं, या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी राग दिसेल, म्हणजे मला बोलायला सोपं जाईल. तसं काही नव्हतं. त्यांनी एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. “बोलणं मंग होईल जी. खा ना.”

मी संत्रं हातात तसंच धरलं आणि सांगायला सुरुवात केली. कागद बरोबर आणला होता. ओळींचा हिशेब कसा चुकीचा केला, खरा कसा करायचा, ठिपके काय सांगत होते, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “तुमचं कमी झालं नव्हतं. तुमच्याइतकं नीट त्या दिवशी कुणीच पाहिलं नव्हतं. मी चुकीचं सांगितलं. आणि चूक कळल्यावरही नऊ महिने गप्प बसले.”

फळं निवडणारा त्यांचा हात थांबला.

“म्हणजे,” ते म्हणाले, “मी पाहून राहिलो होतो?”

“हो.”

“सगळ्या गोलांकडं? एकबी नाही सुटला?”

“एकही नाही.”

त्यांनी हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून पाहायला लागले. तीन-चार ओळी झाल्यावर त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. “कौसल्या, आयकलं का? मी नीट पाहून राहिलो होतो. मॅडम बोल्ल्या.”

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते इतके खूश झालेले मला पाहवेना.

कौसल्याबाई हातातली पेटी खाली ठेवून आल्या. “मंग ह्या माणसानं वर्षभर काहून स्वतःले खाल्लं?” त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या. “मी म्हणलं जा कामावर, तर हे म्हणे, मॅडमनं मोजून सांगतलं, मन अजून पळते, अजून कोणाचा हात जाईल. खोली सोडली. इथं संत्री आहे तवर काम आहे. मंग काय?”

“मी मालकांना भेटते,” मी म्हटलं. “आजच पांढुर्ण्याला जाते. त्यांना सांगते, चूक माझी होती.”

“नको जी,” नीळकंठभाऊ लगेच म्हणाले. “तिथं आता सुदाम आहे खटक्यावर. जानेवारीत मालकानं त्याले उभं केलं. दोन बोटं नसलेल्या माणसाले दुसरं काय काम देते कोणी? त्याले कसं म्हणू, बाजूला हो, मी आलो?”

“दुसरं काही...”

“नको. तुम्ही सांगतलं, झालं.” आणि ते परत कागदाकडे वळले. पाचव्या ओळीवर बोट ठेवून.

कौसल्याबाई मात्र हलल्या नाहीत. “लिहून द्या,” त्या मला म्हणाल्या.

“अगं, कशाले?” नीळकंठभाऊ म्हणाले. “मालकाकडं जायचंच नाही म्हणतो ना मी.”

“मालकासाठी नाही म्हणून राहिली. घरात राहू द्या. उद्या कोणी म्हणंल, हातून काम गेलं, तर दाखवता येईल.”

त्यांनी कागद नवऱ्याच्या हातातून काढून माझ्यापुढे ठेवला, मागची कोरी बाजू वर करून. मी पेन काढलं. लिहिलं की नीळकंठ सोमकुवर यांची चाचणी मी स्वतः घेतली, त्यांचं लक्ष सर्वांत चांगलं भरलं, त्यांना उलट सांगितलं गेलं ती चूक पूर्णपणे माझी, आणि त्यामुळे त्यांनी जिनिंगचं काम सोडलं. खाली नाव, कॉलेज, तारीख. मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

नीळकंठभाऊंनी मान हलवली. कौसल्याबाईंनी हलवली नाही.

“पोरीची अकरावी सुटली,” त्या म्हणाल्या. “तेबी लिहा.”

पेटीत गवत अंथरणाऱ्या मुलीनं वर पाहिलं नाही. मी पेन पुन्हा उघडलं, तिला तिचं नाव विचारलं आणि तेही लिहिलं.